दोषारोप कीं दया?

वाचावयाचे भाग: योहान ८:१–११, मत्तय ७:१–५, २ करिंथ २:५–११, याकोब २:१२–१३.

'वाळीत टाकणें' म्हणजे काय हें आपल्या खेडेगांवांतल्या मंडळ्यांना शब्दकोशांत पाहावें लागत नाहीं. आपल्यांपैकीं पुष्कळांच्या आजोबा-पणजोबांनीं बाप्तिस्मा घेतला त्या दिवसापासून त्यांचा पाणवठा बंद झाला, लग्नाच्या पंक्तींत त्यांचें पान मांडलें गेलें नाहीं, भाऊ भावाच्या मयताला आला नाहीं. ह्या गोष्टी आपण मुलांना अभिमानानें सांगतों, आणि त्या सांगाव्यातही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रानें २०१६ चा कायदा केला व तो २०१७ सालापासून अमलांत आहे. जातपंचायतीनें कोणास वाळीत टाकलें तर आतां तो गुन्हा ठरतो. परंतु कोणत्याही कायद्याच्या चिमटींत न सांपडणारा असाही एक बहिष्कार आहे. त्यांत कोणी हुकूम काढीत नाहीं, कोणी दंड मागत नाहीं. फक्त उपासनेच्या वेळीं एका माणसाच्या शेजारची चटई रिकामी राहते. वाळीत पडलेल्यांच्या नातवंडांना हा बहिष्कार इतका चांगला कसा जमतो, हा आजच्या धड्याचा विषय आहे.

दुसऱ्यांकडे बोट दाखवून हा धडा लिहूं नये म्हणून प्रथम आमच्याच मंडळीची हकीकत सांगतों. ती ज्यांची आहे त्यांच्या परवानगीनें, नांवें गाळून लिहिली आहे. बिबवेवाडी हें पूर्वीं पुण्याच्या दक्षिणेस टेकडीच्या पायथ्याचें खेडें होतें. आतां तें शहराच्या पोटांत गेलें आहे. एका अंगाला मार्केट यार्ड, दुसऱ्या अंगाला टेकडीवर चढत गेलेली अप्पर इंदिरानगरची वस्ती. आमच्या मंडळींतले बहुतेक लोक नगर, सोलापूर, जालना ह्या जिल्ह्यांतून पोटासाठीं आलेले. पुरुष यार्डांत हमाली करतात, बायका भाजी निवडतात, धुणीभांडीं करतात. कांहीं वर्षांपूर्वीं त्यांच्यापैकीं एका घरची मुलगी, जी वर्षभर नाहींशी झाली होती, ती पावसाळ्याच्या तोंडावर परत आली. कडेवर दोन महिन्यांचें मूल होतें. लग्न झालेलें नव्हतें, आणि मुलाच्या बापाचें नांव ती सांगेना.

त्या शनिवारीं पंचांची सभा भरली. अध्यक्ष मी होतों. सभा दोन तासांहून अधिक चालली. प्रत्येक जण आपापलें शास्त्रवचन घेऊन आला होता. कोणी म्हणाला, इतर मुलींनीं ह्यापासून काय शिकावें? कोणी म्हणाला, बाहेरचे लोक आपल्याला काय म्हणतील? कोणी तिच्या आईला दोष दिला, कोणी बापाच्या दारूला. अखेर ठराव झाला कीं, मुलीचें नांव यादींतून कमी करावें आणि आईबापांनीं सहा महिने प्रभुभोजनाला बसूं नये. ठराव मींच लिहिला. मंडळीच्या वहींत तिच्या नांवावर तांबड्या शाईची रेघ मींच ओढली. त्या दोन तासांत एक प्रश्न, ज्याला एक मिनिटही पुरलें असतें, तो कोणीं विचारला नाहीं: मुलाला दूध मिळतें कीं नाहीं?

पुढें काय झालें तें शेवटीं सांगेन. प्रथम शास्त्र उघडूं या.

योहानाच्या आठव्या अध्यायांतला हा भाग कांहीं आवृत्त्यांत कंसांत छापलेला आढळतो, आणि चौकस श्रोता उपदेशकाला त्याचें कारण विचारतो. उत्तर सरळ द्यावें. सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत हा भाग नाहीं. कांहीं थोड्या हस्तलिखितांत तो लूकाच्या शुभवर्तमानांत सांपडतो. तरी मंडळीनें तो टाकून दिला नाहीं, कारण त्यांत जो बोलतो त्याचा आवाज तिला ओळखूं आला.

सकाळची वेळ, मंदिराचें अंगण, लोक शिक्षण ऐकावयास बसलेले. शास्त्री व परूशी एका स्त्रीला आणून मधोमध उभी करतात आणि ती व्यभिचार करतांना प्रत्यक्ष धरली गेली असें सांगतात. येथें थांबून वर्गाला विचारावें: पुरुष कोठें आहे? प्रत्यक्ष धरली म्हणजे तेथें दोघे होते. लेवीय २०:१० आणि अनुवाद २२:२२ ह्या दोन्ही ठिकाणीं शिक्षा दोघांनाही सांगितलेली आहे. ज्यांना नियमशास्त्र तोंडपाठ होतें त्यांना त्या दिवशीं तें अर्धेंच आठवलें. दोषारोप हा बहुधा असाच अर्धा असतो. तो हातीं सांपडेल त्याला धरतो, आणि हातीं सांपडतो तो बहुतकरून दुर्बळ असतो.

शिवाय त्या लोकांना त्या स्त्रीशीं खरोखर कांहीं कर्तव्यही नव्हतें. प्रभूला पेंचांत धरण्यासाठीं तिला आणलें होतें असें शास्त्रलेख स्पष्ट सांगतो. ती केवळ निमित्त. आमच्या सभेंतही असेंच झालें हें मला फार उशिरां कळून आलें; एका पंचाचें मुलीच्या बापाशीं हमालांच्या टोळीच्या हिशेबावरून जुनें वांकडें होतें, ही गोष्ट आम्हां सर्वांना ठाऊक होती आणि आम्ही सर्व गप्प बसलों.

प्रभु खालीं वांकून बोटानें जमिनीवर लिहूं लागतो. त्यानें काय लिहिलें ह्याविषयीं विद्वानांनीं पुष्कळ तर्क केले आहेत. ते आपण सोडून देऊं. मला त्या वांकण्याचेंच महत्त्व अधिक वाटतें. सगळ्यांचे डोळे त्या स्त्रीवर खिळले होते. तो वांकला, आणि कांहीं क्षण तरी ते डोळे तिच्यावरून निघून त्याच्या बोटाकडे वळले. लाजेनें मेलेल्या माणसाला तेवढी सावलीसुद्धां पुष्कळ होते.

मग तो बोलतो. दगड मारूं नका असें तो म्हणतच नाहीं. पहिला दगड कोणाच्या हातून पडावा एवढेंच तो ठरवून देतो. अनुवाद १७:७ प्रमाणें पहिला हात साक्षीदाराचा. प्रभु त्या साक्षीदाराला स्वतःविषयींच साक्ष द्यावयास लावतो. मग ते एकामागून एक निघून जातात, आणि वडीलधारे आधीं जातात. ज्याचें आयुष्य लांब त्याची वहीही जाड! शेवटीं प्रभु त्या स्त्रीला दोषी ठरवीत नाहीं, आणि कांहीं पाप झालेंच नाहीं असेंही म्हणत नाहीं. पुन्हां त्या वाटेला जाऊं नको असें सांगून तिला पाठवितो. ह्यांतला क्रम पाहा. आधीं ती मोकळी होते, मग तिला वाट सांगितली जाते. आपण बहुधा उलट चालतों; आधीं सुधारणा दाखव, मग जवळ घेऊं, असें म्हणतों.

पण शास्त्रलेख येथें थांबतो. ती स्त्री अंगणांतून निघून कोठें गेली? नवऱ्यानें तिला घरांत घेतलें काय? त्या रात्रीं ती कोणाच्या चुलीशीं जेवली? ह्याविषयीं एक अक्षरही लिहिलेलें नाहीं. दगड खालीं पडले म्हणजे तिचा जीव वांचला; पण वांचलेल्या जिवाला दुसऱ्या दिवशीं भाकरी लागते. दोषारोप हा एका वाक्यांत आटपतो, त्याला दुसरा दिवस नसतो. दया मात्र दुसऱ्या दिवशींच सुरू होते, आणि ती किती वर्षें पुरवावी लागेल ह्याचा आधीं अदमास नसतो. म्हणून तर आपण दोषारोपाकडे इतक्या लवकर वळतों; तो स्वस्त पडतो.

त्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट पुण्यांत कोणीं लिहिली तें आतां पाहूं. लिहिणारे आपल्या मंडळींतले नव्हते, हें आधींच सांगून ठेवतों.

बिबवेवाडीहून स्वारगेटावरून शहरांत शिरलें कीं पुढें जुनी गंज पेठ लागते; तिला आतां महात्मा फुले पेठ म्हणतात. तेथें जोतीराव व सावित्रीबाई फुले राहत असत. जोतीरावांनीं १८८४ सालीं सरकारला पाठविलेल्या आपल्या निवेदनांत एक हकीकत लिहून ठेवली आहे. गोवंडे नांवाच्या त्यांच्या स्नेह्याच्या घरीं काशीबाई नांवाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्यानें तिला नादीं लावलें. तिला दिवस गेले, लपविण्याचे उपाय केले ते चालले नाहींत, मूल जन्मलें. लोकलज्जेच्या भयानें तिनें त्या बाळाला मारलें आणि घरामागच्या विहिरींत टाकलें. खटला होऊन तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली व तिला अंदमानास पाठविलें. आरोपीच्या जागीं उभी राहिली ती एकटी काशीबाई. शास्त्र्याचें काय झालें असें विचाराल, तर मंदिराच्या अंगणांत न आणलेल्या त्या पुरुषाचें जें झालें तेंच.

कोर्टाचा निकाल चुकला असें मी म्हणत नाहीं. एक कोवळा जीव गेला होता. न्यायाधीशापुढें दुसरा मार्ग काय होता? पण निकाल लागला आणि बाकीचे सर्व लोक मोकळे झाले. फुले पतिपत्नी मात्र मोकळीं झालीं नाहींत. पुढली काशीबाई कोठें जाईल, हा प्रश्न त्यांनीं आपल्या घरांत घेतला. १८६३ सालीं त्यांनीं आपल्या घरीं बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलें. विधवांनीं येऊन गुप्तपणें व सुरक्षित बाळंत व्हावें. मूल बरोबर न्यावें कीं येथेंच ठेवावें हें त्यांच्या मर्जीवर राहील, अशी जाहिरात त्यांनीं लावली. १८८४ पर्यंत अशा ३५ स्त्रिया तेथें येऊन गेल्या असें जोतीराव लिहितात. हा आंकडा मीं अनेकदां नुसता वाचून पुढें गेलों होतों. एकदां तो उलगडून पाहावा. पस्तीस वेळां मध्यरात्रीं पाणी तापविणें, बाजेखालीं शेगडी ठेवणें, रक्ताचे कपडे धुणें, तान्ह्या बाळाला घेऊन जागणें, आणि सकाळीं उठून शेजाऱ्यापाजाऱ्यांची कुजबूज ऐकणें. जोतीरावांचें नांव पुस्तकांत मोठें आहे. पण घरांतल्या ह्या कामाचा भार कोणावर पडला असेल हें आपल्या बायाबहिणींना सांगावयास नको.

१८७४ सालीं अशीच एक विधवा तेथें आली. तिचेंही नांव काशीबाई. तिचा मुलगा ह्या दांपत्यानें दत्तक घेतला. तो यशवंत. तो शिकून डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगांत त्यानें पुण्याबाहेर हडपसरच्या बाजूला माळावर दवाखाना घातला आणि सावित्रीबाई तेथें रोग्यांना आणूं लागल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनीं पाठीवर घेऊन आणलें. त्यांत त्यांनाच तो रोग जडला आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या वारल्या. ज्या मुलाला लोकलज्जेनें विहीर दाखविली असती, त्याच्या दवाखान्यांत पुण्याच्या रोग्यांची शुश्रूषा झाली.

सावित्रीबाईंचें आणखी एक पत्र आहे. तें २९ ऑगस्ट १८६८ रोजीं सातारा जिल्ह्यांतल्या नायगांवाहून, म्हणजे त्यांच्या माहेराहून, जोतीरावांना लिहिलेलें आहे. गणेश नांवाचा एक ब्राह्मण तरुण पंचांग सांगत गांवोगांव फिरे. त्याचें व शारजा नांवाच्या महार समाजांतल्या मुलीचें प्रेम जडलें. ती सहा महिन्यांची गरोदर होती. गांवकऱ्यांनीं दोघांना धरून गांवांतून मिरवीत नेलें, आणि त्यांना ठार मारण्याची बोली चालली होती. हें ऐकतांच सावित्रीबाई धांवत गेल्या. त्यांनीं जमावाला दयेवर प्रवचन दिलें नाहीं. इंग्रज सरकारच्या कायद्यानें ह्याचा परिणाम काय होईल हें सांगून त्यांनीं लोकांना भिवविलें, आणि हात खालीं आले. मग दोघांनीं गांव सोडावें असें ठरलें, तेव्हां सावित्रीबाईंनीं त्यांना पुण्यास जोतीरावांकडे पाठविलें. पोटांतलें धरून तीन जीव होते. त्या दोघांचें बरोबर कीं चूक, ह्याचा निकाल जमावापुढें लावीत त्या उभ्या राहिल्या नाहींत. तो निकाल लावणारीं माणसें प्रत्येक गांवांत हवीं तितकीं मिळतात; धांवणारें एखादेंच.

फुले ख्रिस्ती झाले नाहींत. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले, सावित्रीबाईंनीं अहमदनगरास मिस फॅरर ह्यांच्याजवळ शिक्षिकेचें शिक्षण घेतलें, एवढा आपला त्यांच्याशीं संबंध. तो ताणून मोठा करूं नये. लूकाच्या दहाव्या अध्यायांत जखमी माणसाच्या बाजूनें याजक निघून गेला, लेवी निघून गेला, आणि थांबला तो शोमरोनी. आपण तो दाखला शिकवितांना स्वतःला नेहमी शोमरोन्याच्या जागीं बसवितों. पुण्याच्या ह्या गोष्टींत आपली जागा कोणती, हें ज्यानें त्यानें पाहावें.

पंडिता रमाबाईंना ह्याच प्रश्नानें गांठलें, आणि तेंही परदेशांत. १८८२ सालीं त्या पुण्यास आल्या, १८८३ सालीं इंग्लंडास गेल्या व त्याच वर्षीं सप्टेंबरच्या २९ तारखेस वाँटेज येथें त्यांचा व त्यांच्या लहान मुलीचा बाप्तिस्मा झाला. वाँटेजच्या सिस्टरांनीं त्यांना लंडनमधल्या फुलहॅम भागांत आपलें एक घर पाहावयास पाठविलें होतें. ज्या स्त्रियांना जगानें पतित म्हणून टाकलें त्यांची सेवा तेथें दुसऱ्या स्त्रिया करीत होत्या. रमाबाईंनीं आपल्या साक्षींत लिहिलें आहे कीं, असें कांहीं त्यांनीं पूर्वीं कधीं पाहिलें नव्हतें. त्या पतित म्हटलेल्या स्त्रियांपैकीं कांहीं जणी तर इतक्या पालटल्या होत्या कीं, त्या स्वतःच आजाऱ्यांची सेवा करीत होत्या. तुम्हांला हें करावयास कोण लावतो, असें रमाबाईंनीं एका सिस्टरला विचारलें. तिनें योहानाचा चवथा अध्याय उघडून विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविली.

काशी-कलकत्त्याच्या पंडितांपुढें शास्त्रार्थ करूं शकणारी ही बाई; वादांत तिला जिंकणें सोपें नव्हतें. तिचें मन वळविलें तें एका घरानें, आणि मग त्या घराचें कारण सांगणाऱ्या एका अध्यायानें. येथें एक सावधगिरी सांगतों. ही गोष्ट शिकवितांना आपला उपदेशक ताबडतोब दुसऱ्यांच्या शास्त्रांत पतित स्त्रीविषयीं काय लिहिलें आहे ह्याकडे वळतो, आणि वर्गालाही तें ऐकावयास गोड लागतें. त्या क्षणीं धडा हातचा जातो. रमाबाईंनीं त्या विषयावर लिहिलें खरें, पण त्यांनीं तसें घर बांधलेंही.

१८८९ सालीं मार्चच्या ११ तारखेस मुंबईंत शारदा सदन उघडलें व पुढल्या वर्षीं तें पुण्यास आलें. १८९३ सालीं मुलींना बाटवितात म्हणून ओरड झाली. रानडे, भांडारकर वगैरे सल्लागारांनीं अंग काढून घेतलें आणि पुष्कळ पालकांनीं मुली नेल्या. एवढें आपण ऐकलेलें असतें. कमी ऐकलेली गोष्ट अशी कीं, ख्रिस्ती लोकांनींही रमाबाईंना सोडलें नाहीं. सिस्टर जेराल्डीन, ज्यांना त्या मायेनें आजीबाई म्हणत, त्यांनींच पत्रांतून त्यांच्यावर गर्व व हट्ट ह्यांचा ठपका ठेवला. धर्ममतांविषयीं मोकळेपणानें प्रश्न विचारणें हें त्यांना उर्मटपणाचें वाटलें. तीं पत्रें पुढें छापलीं गेलीं. दोन्ही बाजूंनीं असा न्याय होत असतां रमाबाई उत्तरें लिहीत राहिल्या, आणि कामही करीत राहिल्या.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. स्वतःचे आईबाप व बहीण दुष्काळाच्या हालांत गमावलेली ही बाई मध्य प्रांतांत गेली आणि तेथून शेंकडों मुली व विधवा घेऊन आली. त्यांतल्या कित्येक जणी भुकेच्या दिवसांत दुष्ट माणसांच्या हातीं सांपडून आलेल्या. पुण्यांत प्लेगामुळें इतक्यांना ठेवतां येईना; म्हणून केडगांवची शेतजमीन, आणि तेथें मुक्ति सदन. एकोणिसावें शतक सरतां सरतां तेथेंच एक निराळें घर उभें राहिलें, जगानें पतित म्हटलेल्या स्त्रियांसाठीं. त्याचें नांव कृपा सदन. वाचकांनीं त्या नांवावर क्षणभर थांबावें. 'सुधारणागृह' असें नांव कोणालाही सुचलें असतें. केडगांवीं विहिरी खणल्या, गाई पाळल्या, माग बसविले, छापखाना घातला. दयेला हें सगळें लागतें. दोषारोपाला तोंड पुरतें.

आतां मत्तयाच्या सातव्या अध्यायाकडे. तेथें 'दोष काढणें', 'न्याय करणें' असें ज्याचें भाषांतर होतें तो ग्रीक शब्द मुळांत 'निवडणें, वेगळें करणें' ह्या अर्थाचा आहे. त्यावरूनच पुढें 'निकाल देणें, दोषी ठरविणें' असे अर्थ आले. प्रभु बरेंवाईट निवडण्यास मनाई करीत नाहीं. त्याच अध्यायांत पुढें तो खोट्या संदेष्ट्यांना फळांवरून ओळखावयास सांगतो. मनाई आहे ती माणसाला निवडून बाहेर टाकण्याची. कुसळ आणि मुसळ ह्यांचा दाखला आतां बाजारांतही म्हणीसारखा ऐकूं येतो, पण त्याचा शेवट लोक विसरतात. मुसळ काढावयाचें तें कशासाठीं? भावाच्या डोळ्यांतलें कुसळ नीट दिसावें व काढतां यावें म्हणून. म्हणजे कुसळ तसेंच राहूं द्यावें असें नाहीं. खळ्यावर उफणणी चालली असतां पोराच्या डोळ्यांत कुसळ जातें तेव्हां आई काय करते, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. ती चार लोकांना हांक मारून 'पाहा ह्याच्या डोळ्यांत काय आहे' असें म्हणत नाहीं. पोराला पदराखालीं घेते, हात धुते, पदराच्या टोंकाची सुरळी करते, हळूच फुंकर घालते. जो डोळ्याला हात लावतो त्याचा हात कसा असावा ह्याचा हा वस्तुपाठ होय.

"मग मंडळींत शिस्त नकोच काय?" हा प्रश्न प्रत्येक गांवीं येतो, आणि तो योग्य आहे. बायकोला मारणारा नवरा 'दोष काढूं नका' हें वचन ढालीसारखें पुढें धरील, तर त्याला तें धरूं देऊं नये. तेथें दया म्हणजे त्या बाईला व लेंकरांना रात्रीं निजावयास निर्धास्त जागा देणें, तिच्याबरोबर दवाखान्यांत जाणें, आणि जरूर पडल्यास पोलिसांत जाणें. मंडळीचे पैसे खाणाऱ्या कारभाऱ्याच्या हातून किल्ली काढून घेणें ही त्याच्यावरही दयाच आहे. दुर्बळाला वांचविण्यासाठीं बलवानाचा हात धरणें हा दोषारोप नव्हे. पण शिस्तीचीही एक रीत आहे. मत्तय १८ मध्यें पहिली पायरी एकट्यानें एकट्याशीं बोलण्याची आहे, आणि मंडळीला कळविणें ही फार पुढली पायरी. आपल्याकडे बातमी आधीं पाणवठ्यावर, हल्लीं तर मोबाइलवर सगळ्या तालुक्यांत जाते, आणि ज्याच्याविषयीं ती आहे त्याच्याशीं बोलण्याचें शेवटीं कोणाच्या तरी लक्षांत येतें. करिंथच्या मंडळीला पौलानें एका माणसाविषयीं कडक लिहिलें. पण दुसऱ्या पत्रांत, शिक्षा पुरे झाली, आतां त्याला जवळ करा, नाहींतर तो दुःखांत बुडून जाईल, ह्या भावानें तो विनवितो. आमच्या ठरावांत सहा महिन्यांनंतर काय करावयाचें ह्याविषयीं एक ओळही नव्हती. बाहेर घालविण्याची तारीख होती, परत आणण्याची नव्हती.

उपदेशकांना एक सूचना. हा धडा घेतांना आपल्या गांवांतल्या कोणाचेंही उदाहरण, नांव गाळूनसुद्धां, घेऊं नये. सगळ्यांना तें ओळखूं येतें, आणि दयेच्या धड्यांतच एकाला दगड बसतो.

आतां राहिलेली हकीकत. आमच्या मंडळींत एक म्हातारी आहे. यार्डाच्या बाहेर पालेभाजी विकते. वाचतां येत नाहीं. रविवारीं मीं ठराव वाचला तेव्हां ती पुढल्या चटईवर होती. उपासना संपल्यावर जवळ येऊन म्हणाली, "पाळकसाहेब, ती पोर जेवली का?" मला ठाऊक नव्हतें. ती तशीच टेकडीवर गेली. बापानें मुलीला घरांत घेतलें नव्हतें. चुलत्याच्या पत्र्याच्या पडवींत ती पडली होती, आणि अंगावरचें दूध आटलें होतें. म्हातारीनें तिला व मुलाला आपल्या खोलींत आणलें. त्या खोलींत आधींच चौघे. सून रागावली आणि तीन दिवस बोलली नाहीं. चवथ्या दिवशीं तिनेंच बाळाला न्हाऊं घातलें.

मी दोन आठवड्यांनीं तेथें गेलों. आधीं जाववलें नाहीं हेंच खरें. मला पाहतांच मुलगी उठून आंत गेली. म्हातारीनें चहा दिला. ठरावाविषयीं ती एक शब्द बोलली नाहीं, जन्मदाखल्याविषयीं बोलली. "बापाचें नांव नाहीं लावलें तर दाखला देत्यात का? तुम्हांला इंग्रजी येतंय. तुम्ही चला." मीं चौकशी केली. अविवाहित आईनें प्रतिज्ञापत्र दिल्यास बापाचें नांव न सांगतांही मुलाचा जन्मदाखला मिळावा, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१५ सालीं ठरवून दिलें आहे. गांवोगांवच्या उपदेशकांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवावी, उपयोगी पडेल. आम्ही तिघे कचेरींत गेलों, आणि तिसऱ्या खेपेस दाखला हातीं आला. त्या दिवशीं परततांना ती मुलगी माझ्याशीं पहिल्यांदा बोलली; बाळाचें वजन वाढलें आहे एवढेंच तिनें सांगितलें.

ठराव मागें घेण्यास चार महिने लागले. एका पंचाचें मत अजूनही विरुद्ध आहे, आणि त्याच्याशीं मीं कसें वागावें हा माझा स्वतःचा धडा अजून संपलेला नाहीं. वहींतली तांबडी रेघ पुसतां येत नाहीं. त्याच पानावर सर्वांत खालीं मीं तिचें नांव पुन्हां लिहिलें, आणि त्याखालीं मुलाचें. तें आतां महापालिकेच्या शाळेंत दुसरींत आहे. रविवारीं तें म्हातारीच्या शेजारीं पुढल्या चटईवर बसतें, आणि माझें प्रवचन लांबलें कीं तिच्या पदराला गांठी मारीत राहतें.